काळ्या टेपचा जोड

माझे धाकटे दीर लिफ्टचे मेकॅनिक आहेत. सव्वीस वर्षं त्यांनी लिफ्टचे ब्रेक बसवले, तपासले आणि तपासल्याच्या कागदावर सही केली. त्या सहीच्या भरवशावर रोज किती माणसं वरखाली करतात, हे त्यांना नेमकं ठाऊक असल्यासारखं त्यांचं काम असायचं. कंपनीत त्यांना सगळे ‘ब्रेकमास्तर’ म्हणत. खरी मास्तरीण मी. हायस्कूलमध्ये रसायनशास्त्र शिकवते, तेही एकोणीस वर्षं. पण मला कौतुकानं कुणी मास्तर म्हटल्याचं आठवत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे सांगायचं आहे त्याच्या मुळाशी हीच जळजळ आहे.

भाऊजींच्या बाहेरच्या खोलीत, इतरांकडे जिथे टीव्ही असतो तिथे, चार फूट लांब काचेची टाकी होती. खाऱ्या पाण्याची. मासे तीनच, तेही नावाला. खरी वस्ती प्रवाळांची. प्रवाळ दगडासारखं दिसतं, पण तो जीव आहे. पाण्यातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट ओढून घेतो आणि आपलं हाड आपणच बांधतो. समुद्रात हे सामान संपत नाही. टाकीत दोन-तीन दिवसांत खाली येतं, म्हणून रोज वरून घालावं लागतं. त्यासाठी दोन बाटल्या असत. एकीत कॅल्शियमचं पाणी, दुसरीत सोड्याचं. सकाळी एक, संध्याकाळी दुसरी. दोन्ही एकदम कधीच नाही, कारण ती एकमेकांना भेटली की पाण्यातच खडू होतो आणि कुणाच्याच उपयोगाचा राहत नाही. सोड्याच्या बाजूचं जे माप असतं त्याला अल्कलिनिटी म्हणतात. भाऊजी ती आठवर ठेवत. नऊ वर्षं आठ.

मोजायला एक लहानसा किट होता. कुपीत टाकीचं पाणी घ्यायचं, त्यात औषधाचे थेंब मोजून टाकायचे, निळ्याचं पिवळं झालं की थांबायचं. जितके थेंब तितका आकडा. हे बघून मला हसू आवरायचं नाही.

“भाऊजी, आम्ही याला टायट्रेशन म्हणतो आणि ब्युरेटनं करतो,” मी म्हणायचे. “तुमचं म्हणजे डोळ्यांत औषध घातल्यासारखं.”

“तुमचं ते शास्त्र, वहिनी. आमचं आपलं थेंबांवर भागतंय.”

एकदा मी खोदून विचारलं की आठच का, नऊ झालं तर काय बिघडलं? ते म्हणाले, “काही नाही. नऊवरही जगतात, सातवरही जगतात. लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबली काय, चौथ्यावर थांबली काय, आतल्या माणसाला काही होत नाही. एकदम थांबली तर होतं. यांना धक्का सोसत नाही.” मी मान डोलावली. मनात म्हटलं, आता लिफ्टवाले मला रसायनशास्त्र शिकवणार.

टाकीच्या मधोमध एक फांद्याफांद्यांचं प्रवाळ होतं, फिकट जांभळं, टोकांना निळसर. बोटाएवढा तुकडा आणून भाऊजींनी नऊ वर्षांत त्याचा चांगला परातीएवढा घेर केला होता. घरात त्याला सगळे ‘झुडूप’ म्हणत. दारातून आलेला माणूस आधी झुडपाकडे बघायचा आणि मग भाऊजींकडे. ते मुळात कमी बोलणारे, पण झुडपाचा विषय निघाला की त्यांची कळी खुलायची.

एका गुरुवारी सकाळी कामावर असताना त्यांच्या हातातला पाना खाली पडला. उचलायला गेले तर बोटं मिटेनात. मेंदूतल्या एका बारीक रक्तवाहिनीत अडथळा आला होता. सौम्य झटका, वेळेवर आणलंत, डॉक्टर म्हणाले. पण उजवा हात ताळ्यावर यायला महिनाभर दवाखान्यात राहून व्यायाम करावे लागतील. माझी जाऊ तिकडे राहिली. घराची किल्ली आणि टाकी माझ्याकडे आली.

“वहिनी आहेत म्हणजे मला घोर नाही,” भाऊजी पलंगावरून म्हणाले. “त्या तर शिकवतातच हे.”

टाकीखालच्या कपाटाच्या दाराला आतून एक पुठ्ठा चिकटवलेला होता. त्यावर त्यांच्या ठसठशीत अक्षरात सगळं लिहिलेलं. कुठली बाटली कधी, किती मिली, कुठल्या कोपऱ्यात हळूहळू सोडायची. शेवटी लिहिलं होतं: ‘आकडा कमी वाटला तर एका दिवसात अर्ध्या अंकाच्या वर चढवू नये. घाई झाली तर थांबावे.’ दहा दिवस मी त्याबरहुकूम चालले. दर दुसऱ्या दिवशी थेंब मोजले. आठ. आठ. आठ. झुडूप खुशीत होतं.

अकराव्या दिवशी माझं शहाणपण उतू गेलं.

मी टाकीचं पाणी बाटलीत भरून शाळेत नेलं. म्हटलं, बघू तरी या थेंबांच्या खेळात तथ्य किती. प्रयोगशाळेत ब्युरेट लावली, कपाटातून आम्लाची बाटली काढली. लेबल माझ्याच हातचं. तीनदा केलं, तीनदा उत्तर चार आलं. मला काय वाटलं असेल? काळजी वाटली, असं सांगायला आवडलं असतं. खरं सांगायचं तर आनंद झाला. नऊ वर्षं ब्रेकमास्तर ज्याला आठ म्हणत होते ते चार होतं, आणि हे मी शोधून काढलं होतं. दवाखान्यातून आल्यावर त्यांना कसं सांगायचं, ते वाक्यसुद्धा मी बसमध्ये जुळवून ठेवलं.

संध्याकाळी मी कागदावर गणित मांडलं. चाराचं आठ करायला इतका सोडा. गणित बिनचूक होतं. तो सोडा मी एका दमात टाकीत ओतला. पुठ्ठ्यावरचं वाक्य डोळ्यांसमोर होतं, पण ज्याचं मोजमापच चुकीचं त्याचा सल्ला काय ऐकायचा? वर सकाळची कॅल्शियमची बाटली शाळेच्या गडबडीत राहून गेली होती, तीही त्याच कोपऱ्यात रिकामी केली. पाणी ताकासारखं पांढरं झालं. थोड्या वेळानं निवळलं, तसा माझा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या दिवशी परत शाळेत मोजलं. आठ यायला हवं होतं, आलं साडेपाच. म्हणून मी आणखी ओतला. भाऊजींचा किट मी तोवर खणात टाकून दिला होता. तो तेव्हा काय बोलला असता, ते मी विचारलंच नाही.

तिसऱ्या दिवशी झुडपाची टोकं पांढरी पडली. चौथ्या दिवशी फांद्यांवरची कातडी पाण्यात सोलून निघायला लागली आणि पाचव्या दिवशी खाली नुसता सांगाडा उरला. बाजूची चारपाच प्रवाळंही तशीच गेली. मासे तेवढे फिरत होते.

मी टाकीसमोर उकिडवी बसले होते तेव्हाच दारात किल्ली वाजली. जाऊ कपडे न्यायला आली होती. ती आत आली आणि पिशवी हातात तशीच धरून उभी राहिली.

“ताई, हे काय झालं?”

त्या क्षणी ‘माहीत नाही गं’ एवढं म्हणाले असते तरी चाललं असतं. पण मी शिक्षिका, उत्तर येत नाही म्हणायची सवय नाही. समोर पंपाची वायर लोंबत होती आणि तिच्यावर काळ्या टेपचा एक जोड दिसत होता.

“पंप बंद पडला होता गं,” मी म्हणाले. “काल सकाळी आले तर पाणी फिरतच नव्हतं. तो काळ्या टेपचा जोड सुटला होता. मी लावला परत, पण तोवर...”

एका दमात. वेळही सांगितली, कारणही सांगितलं, वर दुरुस्तीचं श्रेयही घेतलं. त्या जोडाला मी बोटसुद्धा लावलं नव्हतं.

रविवारी भेटायला गेले तेव्हा भाऊजी रबरी चेंडू दाबत बसले होते. हात बराच सुधारला होता. झुडपाबद्दल ऐकून त्यांना किती लागलं असेल, ते त्यांनी दाखवलं नाही. फक्त विचारलं, “जोड कुठला, काळ्या टेपचा?”

“हो.”

“तो मी बुधवारी संध्याकाळी केला होता. झटक्याच्या आदल्या दिवशी.” त्यांनी चेंडू गादीवर ठेवला आणि उजवा तळवा उलटसुलट करून पाहिला. “म्हणजे तेव्हाच हात गेलेला होता. आणि मला कळलं नाही. मी ओढून बघितला होता, वहिनी. घट्ट लागला होता मला.”

मी सोबत नेलेला डबा उघडायला घेतला.

“तुम्ही परत लावलात म्हणून निदान मासे तरी वाचले,” ते म्हणाले, आणि त्यांनी माझे आभार मानले. मी ‘असू दे हो’ म्हणाले. हे तीन शब्द मला आजही रस्त्यानं चालताना मध्येच आठवतात आणि कान तापतात.

महिना संपला. डॉक्टरांनी हात तपासला, ताकद पूर्ण आहे, पूर्वीचं काम खुशाल करा म्हणून कागद दिला. भाऊजी तो कागद घेऊन कंपनीत गेले आणि सोबत स्वतःचा एक देऊन आले. जावेनं मला फोनवर सांगितलं.

“यांनी लिहून दिलंय, ताई. हाताचा भरवसा नाही, ब्रेकवर मला ठेवू नये. साहेब नको नको म्हणत होते. हे म्हणाले, घरचा साधा जोड सुटला माझ्या हातचा आणि मला तो घट्ट वाटला होता. उद्या नट तसाच वाटला तर?”

त्यांना स्टोअरमध्ये बसवलं. जाळीच्या खिडकीमागे बसून इतरांना बोल्ट आणि वॉशर मोजून द्यायचे. सव्वीस वर्षांच्या ब्रेकमास्तरांना.

आता कुणी विचारेल, बाई, तेव्हा तरी तोंड का उघडलं नाहीस? माझ्याकडे एक सबब होती, ती मी मनात जपून ठेवली होती. टाकी मुळातच चारावर होती, मी सांगितलेलं कारण खोटं असलं तरी झुडूप आज ना उद्या जाणारच होतं. त्यांच्या हलगर्जीपणानं जाणार होतं. म्हणजे खोटं बोलले ते फारसं खोटं नाही. शिकलेल्या माणसाला स्वतःची समजूत घालायला फार वेळ लागत नाही. मी शाळेत जात होते, वह्या तपासत होते, दीर-जावेकडे मात्र काही ना काही निमित्त काढून जायचं टाळत होते.

मग नववीचं प्रात्यक्षिक आलं. मुलींना सोड्याच्या पाण्याचं टायट्रेशन दिलं होतं. पहिल्या बाकावरची एक मुलगी उठली.

“बाई, माझं उत्तर निम्मंच येतंय.”

“डोळे उघडे ठेवून कर,” मी खेकसले. 

मग दुसरी उठली. तिसरी, चौथी. सगळ्यांचं बरोबर निम्मं. मी स्वतः करून बघितलं, माझंही निम्मं. मग बाटली हातात घेतली आणि आठवलं. सहामाहीला मला दुप्पट तीव्र आम्ल हवं होतं, ते मी याच बाटलीत केलं होतं आणि लेबल बदललं नव्हतं. लेबल न लावणाऱ्या मुलीला मी तासभर उभी करते.

म्हणजे माझं चार ते त्यांचं आठच होतं. मी आठाचं बारा केलं होतं आणि पुन्हा वर घातलं होतं. नऊ वर्षं त्या माणसाचा एक थेंब चुकला नव्हता. आता जपून ठेवलेली सबबही गेली. मुलींसमोर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एकीनं विचारलं, बाई, बरं वाटत नाहीये का? मी त्यांना तास लवकर सोडला. तरी खरं बोलायला जायला मला अजून आठ दिवस लागले. तेही लिहिते. काही लपवायचं नाही असं ठरवलं आहे.

रविवारी दुपारी गेले तेव्हा दार उघडंच होतं. आत जाऊ आकडे म्हणत होती, “पाच... सहा... सात...” भाऊजी टाकीजवळ स्टुलावर बसले होते. कुपी धरली होती जावेनं, थेंब टाकत होती तीच. ते नुसते रंग बघत होते. रिकाम्या टाकीत दोन-तीन कोवळे तुकडे नव्यानं लावलेले दिसले.

“आठ,” जाऊ म्हणाली, मग मला बघून, “या ताई. आता हेही माझ्याकडून करून घेतात. म्हणे माझ्या हातचा थेंब मोजू नकोस.”

मी बसलेसुद्धा नाही. उभ्यानंच बोलले. आधी आम्लाचं, मग सोड्याचं, मग दुसऱ्या दिवशीच्या सोड्याचं. भाऊजी ऐकत होते. मध्ये एकदाच त्यांनी विचारलं, “बारा? एका दिवसात?”

“एका दिवसात. दुसऱ्या दिवशी आणखी वर.”

त्यांनी डोळे मिटून घेतले. मग म्हणाले, “आणि त्यात पंप बंद पडला.”

“पंप बंद पडला नव्हता, भाऊजी. जोड सुटलाच नव्हता. मी हातही लावला नाही त्याला. खोटं बोलले मी.”

ते उठले, गुडघ्यावर बसले आणि वाकून कपाटामागची ती वायर हातात घेतली. काळ्या टेपच्या दोन्ही बाजूंना धरून ओढली. एकदा, दोनदा, मग चांगलं बळ लावून. जोड जागचा हलला नाही.

“ऐकलंस का,” ते बायकोला म्हणाले. ती बाजूलाच होती. “सुटला नव्हता. घट्टच होता.” हे ते तीनदा म्हणाले. चेहरा असा काही उजळला होता, की मला तिथं उभं राहवेना. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर मी खाल्ल्या असत्या. या आनंदाचं मी काय करणार होते?

जावेनं कुपी खाली ठेवली. “ताई, तुम्हाला कधीपासून माहीत होतं?”

“पहिल्या दिवसापासून.”

“रोज सकाळी उठून हे आधी हात बघतात,” ती हळू आवाजात म्हणाली. “चहाचा कप धरताना बघतात. दोन महिने झाले.”

“असू दे,” भाऊजी म्हणाले.

“असू दे कसं?” ती म्हणाली आणि आत निघून गेली. ती आजही माझ्याशी कामापुरतंच बोलते. तिचं काही चुकत नाही.

कंपनीतल्या साहेबांनी भाऊजींना सांगितलं की तुम्ही स्वतः लिहून दिलेलं आहे, ते तसंच फाडून टाकता येणार नाही. जोडाची खरी हकीकत ज्यांना माहीत आहे त्यांनी लेखी द्यावी, हाताची चाचणी पुन्हा होईल आणि त्यात उतरलात तर पुढच्या महिन्यापासून ब्रेकवर. मी त्याच दिवशी लिहायला बसले. पहिल्या कागदावर ‘गैरसमजातून’ लिहिलं, फाडला. दुसऱ्यावर ‘अनवधानाने’, तोही फाडला. तिसरा अर्धा लिहून झाल्यावर लक्षात आलं की त्यात माझ्या नोकरीची एकोणीस वर्षं आली आहेत आणि खोटं अजून आलेलं नाही. चौथ्यावर तीनच ओळी लिहिल्या. जोड सुटला नव्हता. प्रवाळ माझ्या चुकीने मेले. ती झाकण्यासाठी मी खोटे बोलले. खाली सही केली.

मंगळवारी शाळेतून थेट त्यांच्या स्टोअरवर गेले. भाऊजी जाळीच्या खिडकीमागे होते. कुणाला तरी बोल्ट मोजून देत होते. तो माणूस गेल्यावर मी कागद आत सरकवला. त्यांनी हात फडक्याला पुसले, चष्मा लावला, वाचला. मग पुन्हा कागदाच्या वरच्या भागाकडे बघत राहिले.

“वहिनी, हा शाळेच्या छापील कागदावर कशाला लिहिलात?”

“म्हटलं, जरा वजन पडेल.”

“नको,” त्यांनी कागद परत माझ्याकडे सरकवला. “हा फायलीला लागतो, चार जण वाचतात. वर शाळेचं नाव आणि खाली ‘खोटे बोलले’. उद्या तुमच्या मुख्याध्यापकांपर्यंत गेलं म्हणजे? तुमची नोकरी आहे. साध्या कागदावर द्या, मजकूर हाच असू दे.”

त्यांची ब्रेकवरची नोकरी माझ्या एका वाक्यानं गेली तेव्हा मी हा विचार केला नव्हता. दोन महिन्यांत एकदाही नाही. आणि हे जाळीमागे बसून माझी सांभाळत होते.

त्यांनी पावत्यांच्या पॅडमधला एक कोरा कागद फाडून खिडकीच्या फळीवर ठेवला आणि पेन पुढे केलं. मी तिथंच उभी राहून लिहायला लागले. कागद सरकत होता, ‘जोड’ हा शब्द दोनदा वेडावाकडा आला. तेव्हा भाऊजींनी पलीकडून उजवा हात पुढे केला आणि माझी तीन वाक्यं लिहून होईपर्यंत कागद दाबून धरला. तो हात जरासुद्धा हलत नव्हता.